बाराची चिंधी

गज नळीत अर्ध्यावर गेला आणि अडला.

मी पडवीत बसले होते. ठासणीची बंदूक मांडीवर आडवी, आणि गजाच्या टोकाला तेल लावलेलं फडकं गुंडाळलेलं. बंदूक रिकामी आहे याची खात्री मी आधीच करून घेतली होती. नुसता गज आत सोडला की त्याच्यावर कोरलेल्या खुणेपर्यंत तो जायला हवा, आणि तसा तो गेला होता. म्हणजे आत ना दारू होती ना गोळी. मग फडकं अडत होतं कशाला?

मी जोर लावला. गज कुरकुरत पुढे सरकला. ओढून बाहेर काढला तेव्हा फडक्याबरोबर काहीतरी चपटं, चकचकीत माझ्या पदरावर सांडलं. माशाचे खवले असावेत तसं.

"तुका कोणी सांगल्यान बंदूक काढूक?"

आबा अंगणात उभे होते. हातात झेंडूच्या फुलांची पिशवी, खांद्यावर टॉवेल.

"कोणी नाय. उद्या खंडेनवमी. तुमी अजून पुसूक नाय म्हणान मी काढलंय," मी म्हटलं. "आणि ह्या बघा. नळयेक शिसा धरला असा."

आबांनी पिशवी ओट्यावर ठेवली. माझ्या पदराकडे नजर टाकली. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

"माका म्हायत असा," ते म्हणाले. "चाय कर गो."

आता हे शिसं धरणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. तिची गोळी घरीच ओतायची. रापणीच्या जुन्या जाळ्यांना लावलेलं शिसं कोळणींकडून आणायचं, लोखंडी पळीत वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. शिसं मऊ. ते तसंच नळीत घातलं तर बाराबरोबर बाहेर पडताना लोखंडाला घासतं आणि आपलं थोडं अंग तिथेच ठेवून जातं. एखाद्या बाराने काही बिघडत नाही. पण असे बार होत गेले की आतून शिशाचं खरबरीत साल चढतं, पुढची गोळी त्याच्यावर ठेचकाळत जाते, आणि नेम डाव्या फांदीवर धरला तर गोळी उजव्या फांदीची पानं पाडते.

यावर उपाय सोपा. गोळी नागडी घालायची नाही. मधाच्या पोळ्याचं मेण आणि मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, एकत्र पातळ करायचं, त्यात सुती कापडाची चिंधी बुडवायची, ती नळीच्या तोंडावर पसरायची आणि तिच्यात गोळी बसवून आत ढकलायची. मग लोखंडाला चिंधी घासते, शिसं नाही. आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. आणि आबांच्या नळीत शिसं!

चिंध्यांचं काम आयेचं, माझ्या आईचं, होतं. पावसाळा सरला की ती आपलं विरलेलं लुगडं काढायची आणि मागच्या दारी बसून चौकोन कापायची. मेण जास्त झालं तर चिंधी कडक होते, मुठेल जास्त झालं तर उन्हात पाझरून दारू ओली करतं. ती बोट बुडवून बघायची आणि म्हणायची, "झाला." नवं कापड तिला चालायचं नाही, त्याला खळ असते. टेरिकॉट तर नळीत वितळूनच बसतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूतच हवं. आबा पाहुण्यांना सांगायचे, "लायसनार नाव माझा, पण बार हिचो." आये मान फिरवून हसायची.

ती जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती.

मी तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होते. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायचं लोकांनीही एव्हाना सोडून दिलं होतं. क्वार्टरची एक खोली, दोन भांडी, आणि शनिवारची संध्याकाळ आली की एसटी. वाडीतलं शेवटचं घर आमचं, डोंगराला लागून. त्यानंतर काजूची बाग आणि मग रान. आबा तिथे एकटे. आम्ही दोघं भेटून फार बोलायचो असं नाही. मी भात रांधायची, ते मासळी आणून ठेवायचे, जेवून आम्ही पडवीत बसायचो. पण आठवडाभर मी त्या पडवीच्या भरवशावर काढायची. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, सांगायचं असतं हेही ठाऊक नव्हतं.

आणि तेच आता जायच्या बेतात होतं.

आमच्या वाडीचा एक रिवाज होता. दसऱ्याला सोनं लुटून झालं की देवळासमोरच्या मळ्यात मातीच्या उंच बांधापुढे फणसाच्या फांदीला नारळ टांगायचा, आणि बंदुकीवाल्या घरांनी एकेक बार काढायचा. ज्याच्या बाराने नारळ फुटेल त्याच्या घरी खोबऱ्याचा पहिला तुकडा जायचा. आबांनी तो तुकडा इतक्या वेळा आणला होता की आये त्याच्यासाठी नारळाच्या वड्यांचा गूळ आदल्या दिवशीच किसून ठेवायची. पण ती गेल्यानंतर आबा चुकले. पुढच्या दसऱ्यालाही चुकले. त्या वेळी त्यांनी बंदूक खाली करून नळीच्या तोंडाकडे पाहिलं, तर जिवबा परब सगळ्यांसमोर ओरडला, "दाजी, नाचूक येना आंगण वाकडा! बंदुकीत काय बघतस? डोळे दाखव डोळे!"

मळाभर हसू पिकलं. लोकांना एकदा म्हण सापडली की विचार करायचं काम उरत नाही.

माझा भाऊ रमाकांत डोंबिवलीहून आला होता. तो हसला नाही. घरी आल्यावर तो आबांसमोर बसला.

"आबा, तुमका आता दिसणा नाय. वांदरांनी अर्धी बाग खाल्यानी. एकटे रवतास. रात्री पडलास तर कळतला कोणाक?"

"माका दिसता."

"मगे नारळ कसो चुकलो?"

आबांनी बंदूक उचलून भिंतीवरच्या खुंट्यांवर चढवली. रमाकांतने शेवटी तोड काढली. "पुढच्या दसऱ्याक नारळ फुटलो तर मी एक शब्द बोलूचंय नाय. हयसरच रवा. नाय फुटलो तर घराक कुलूप घालून माझ्यावांगडा येवचा. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले. "नाय फुटलो तर तुझ्या आधी गाडयेत बसतंय."

रमाकांतच्या मनात वाकडं काही नव्हतं. मीही त्याला बोल लावला नाही. फक्त मी आबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, वर्षाच्या आत दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि आबांना पडवीतून समोरच्या माडावर बसलेला कावळा कुठल्या पायावर उभा आहे तेही दिसायला लागलं. हात तर त्यांचा कधी कापलाच नव्हता. त्यामुळे मी निश्चिंत होते. आता डोळे असलेला माणूस नारळ चुकणार कसा?

तर असा. गज हातात घेऊन मी पडवीत बसले होते आणि जिवबा परबाची म्हण उलटी झाली होती. आंगण खरंच वाकडं होतं.

चहा ठेवला आणि विचारलं, "म्हणजे तुमी चिंधीशिवाय बार मारतास?"

"होय."

"कधीपासून?"

"झाला बरेच दिस."

"आबा, परवा दसरो. परवा नारळ फुटलो नाय तर घराक कुलूप. ह्या तुमका म्हायत असा ना?"

"म्हायत असा गो," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "ह्या सगळा माका म्हायत असा."

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला या घरातून उठायचं नाही, तो हातातली बंदूक स्वतःच आंधळी करून ठेवतो, याला काय म्हणावं? दवाखान्यात असे रोगी मी पाहिले होते, औषध उशीखाली लपवणारे. त्यांना रागावायची मला सवय होती. आबांना रागावता येईना.

मी कामाला लागले. जळालेल्या पंपातली तांब्याची तार गजाच्या टोकाला गुंडाळली, रंगाऱ्याकडून टर्पेंटाइन आणलं, आणि दुपारभर नळी घासली. आबा ओट्यावर बसून बघत राहिले. त्यांनी मला अडवलं नाही आणि हातही लावला नाही. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर शिशाचे पापुद्रे पडत होते. शेवटी गढूळ फडकं स्वच्छ निघायला लागलं, गज सहज आत-बाहेर व्हायला लागला. मी पापुद्रे कागदात गुंडाळून बाजूला ठेवले, साबणाने हात धुतले आणि आतल्या खोलीत आयेची पेटी उघडली.

पेटीत एकच लुगडं होतं. आमसुली रंगाचं, बारीक फुलांच्या काठाचं, घडी घातलेलं. एवढी लुगडी होती, ती गेली कुठे, हा प्रश्न मला पडला. पण घाई होती. मी लुगडं बाहेर काढलं आणि कातरीकडे हात नेला.

"त्येका हात लावू नको."

आबा दारात उभे होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण लहानपणी विहिरीच्या काठावर गेले की ते याच आवाजात बोलायचे, म्हणून मी थबकले.

"एकच चौकोन कापतंय, आबा. एका बारापुरतो."

"नको."

"मगे कसली चिंधी घालूची? रमोदादा पाठवता ते शर्ट टेरिकॉटचे. टॉवेल जाड. बाजारातल्या नव्या कापडाक खळ."

"कसलीच घालूची नाय. नळी साफ केलंस ना? तेवढा पुरे."

"साफ केलेल्या नळयेत नागडी गोळी सैल जाता. तुमीच शिकवलास."

त्यांनी माझ्या हातून लुगडं घेतलं, होतं त्याच घडीवर परत दुमडलं, पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग परसात निघून गेले. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू आलं. घर जाणार म्हणून आलं की त्यांनी मला काही सांगितलं नाही म्हणून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळी पडवीत बसलो तेव्हा बागेतला गलका थांबला होता. दिवसभर वानरं काजूच्या झाडांवर धिंगाणा घालतात, आणि सूर्य कलला की कुठल्यातरी उंच झाडावर जाऊन चिडीचूप बसतात. आबा म्हणाले, "गेली बघ. तिन्हीसांज झाली की वांदरापण घराक जातंत."

पूर्वी आबा कामाला गेले की वानरांना हाकलायचं काम आयेचं असे. मागच्या दारी घासलेटचा रिकामा डबा टांगलेला होता. वानरं आली की ती तो काठीने सलग बडवायची, कान किटेपर्यंत. आणि तोच डबा ती दुपारी जेवण तयार झालं की थांबून थांबून वाजवायची, एक ठोका, मग जरा वेळाने दुसरा. ते ऐकलं की बागेत कुठेही असलो तरी आबा आणि आम्ही पोरं जेवायला यायचो. डबा अजून तिथेच होता. त्याला गंज चढला होता.

दुसऱ्या दिवशी रमाकांत आला. आबांसाठी त्याने हवेची उशी आणली होती. "गॅलरीत खाट लावलंय," तो मला स्वयंपाकघरात सांगत होता. "खिडकीतून रेल्वेचा मैदान दिसता. पोरां खेळतंत. तेंका बरा वाटतला. आणि तुझी पण दर शनिवारची धावपळ सुटात गो शालन."

"माझी कसली धावपळ?" मी म्हटलं.

"नाय कशी? नोकरी सांभाळून येतंस. माका दिसत नाय काय?"

तो मायेनेच बोलत होता. धावपळ सुटली असती हे खरं. मग शनिवारच्या संध्याकाळी मी एसटी स्टँडसमोरून क्वार्टरकडे चालत गेले असते, कुलूप काढलं असतं, दिवा लावला असता. एवढंच. पुढे काय केलं असतं ते मला दिसेना.

खंडेनवमीची पूजा झाली. बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी दुपारी आबा आणि रमाकांत देवळाकडे गेले तेव्हा मी माझी बॅग उघडली. घरात नेसायला म्हणून मी दवाखान्यातली जुनी साडी आणली होती. पांढरी सुती, बारीक निळ्या काठाची, माझ्या पहिल्या नेमणुकीतली. धोब्याच्या दगडावर इतकी वर्षं आपटून ती अशी मऊ झाली होती की हातात धरली तर हातात आहे असं वाटू नये. मी तिचा एका कडेचा भाग कापला. चुलीवर मेण आणि मुठेल पातळ केलं, बोट बुडवून पाहिलं, आणि घरात कुणी नसताना मोठ्याने म्हटलं, "झाला."

दसऱ्याला मळ्यात जायच्या आधी मी आबांच्या हातात डबी दिली. त्यांनी उघडून पाहिली. तेलकट, पिवळट चौकोन एकावर एक.

"पेटयेक हात लावलंस?"

"नाय. आयेचा नाय ह्या."

"मगे कोणाचा?"

"मऊ असा ना? मगे गप घाला."

त्यांनी एक चिंधी अंगठ्याने चाचपली. बराच वेळ चाचपली. "मऊ असा," ते म्हणाले, आणि डबी खिशात टाकली.

मळ्यात जिवबा परबाचा बार पहिला होता. त्याची गोळी बांधात घुसली, धूळ उडाली, नारळ नुसता हलला. आणखी दोघं चुकले. मग आबा पुढे झाले. माणसं आधीच गालात हसत होती. "दाजी, नारळ झाडाक टांगलो असा, आभाळाक नाय," कुणीतरी म्हणालं. रमाकांत माझ्या शेजारी उभा होता, हाताची घडी घालून, आणि मला वाटतं त्याच्याही मनात नेमकं काय व्हावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

आबांनी दारू घातली, काथ्याचा बोळा बसवला. मग चिंधी नळीच्या तोंडावर पसरली, तिच्यात गोळी ठेवली आणि गजाने एका दमात आत नेली. ती जाताना कसलाच आवाज झाला नाही. त्यांनी बंदूक खांद्याला लावली. मी डोळे मिटले. रोज सुया टोचणारी बाई मी, पण मिटले.

बार झाला. धूर आणि मग आरडाओरडा. डोळे उघडले तेव्हा फांदीला नुसती दोरी लोंबत होती आणि पोरं खोबऱ्याच्या तुकड्यांसाठी बांधाकडे पळत होती.

"फुटलो!" रमाकांत ओरडला. हरला तो, आणि आनंदाने ओरडलाही तोच. जिवबा परब आबांची पाठ थोपटायला हात उचलून आला. पण आबा तिथे नव्हते. सगळा मळा नारळाकडे धावला होता आणि आबा एकटेच दुसरीकडे, बंदुकीच्या तोंडापासून काही पावलांवर, गवतात वाकून काहीतरी शोधत होते.

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांना सापडलं होतं. कडांनी जळलेली चिंधी, अजून थोडी धुमसणारी. त्यांनी ती बोटांनी विझवली आणि तळहातावर उलगडली. मध्ये काळं, कडेला पांढरं, आणि एका बाजूला निळा काठ.

"ही तुझी," ते म्हणाले. "नोकरेची."

"जुनी होती, आबा. फाटकीच."

ते गवतातच बसले. मीही बसले. पलीकडे ढोल सुरू झाला होता.

"तुझी आवय गेली तेवा पेटयेत तिची लुगडी बरीच होती," आबा म्हणाले. "मी कापत गेलंय. तीच कापीत होती, म्हणान मी पण कापलंय. बार काढलंय की चिंधी खंय पडली ती बघूची आणि खिशात घालूची. सवय. एकदा अशीच एक गावली. सगळी जळान काळी, काठावरचा एक फूल तेवढा शिल्लक. ता लुगडा नेसान ती तुका नर्सिंगाक सोडूक इल्ली. याद असा?"

"असा."

"तेवा माझ्या मनात इला, एकदा तिका मसणात जाळलंय. आता वांदरांपायी परत परत कित्याक जाळतंय? घराक येवन पेटी उघडलंय तर एकच रवलेला. मगे माझो हातच जाय नाय."

"दुसरो फडको घेवचो होतो."

"दुसऱ्या फडक्याक पण हात जाय नाय. तो तिचो बार रवलो नसतो." त्यांनी माझी चिंधी घडी घालून खिशात ठेवली. "माका वाटला, नागडी गोळी घालूया, काय होयत ता होयत. बघ, काय झाला ता."

"माका सांगूचा तरी."

"काय सांगू? म्हातारो लुगड्याक जपता म्हणान?" ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते. "कापड आपसूक मऊ होणा नाय गो. कोणीतरी आंगावर घालून झिजवक होया. तुझ्या आवशीची सगळी संपली. आता तुझी सुरू करूची? माका नाय जमूचा ता."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मोठी झाल्यापासून मी त्यांना असा हात लावला नव्हता, नाडी बघायला सोडून.

रमाकांत खोबऱ्याचा तुकडा घेऊन धावत आला. "आबा, पयलो मान! जिंकलास!"

"जिंकलंय ना?"

"जिंकलास. शब्द म्हणजे शब्द."

"मगे मी हयसर रवतंय," आबा गुडघ्यावर हात टेकत उठले, "आणि उद्या ही बंदूक ठाण्यात जमा करूया."

रमाकांतचं तोंड उघडंच राहिलं. "जमा? मगे नारळ फोडलास कित्याक?"

"तू सांगल्लंस म्हणान."

दुसऱ्या दिवशी दोघं बापलेक पोलीस ठाण्यात गेले. परत येताना आबांच्या खांद्यावर नुसता टॉवेल होता. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या दिसायला लागल्या. रमाकांतने हवेची उशी तिथेच ठेवली आणि तो गेला.

आबा पुढे पुष्कळ वर्षं जगले, त्याच घरात. आमसुली लुगडं पेटीत राहिलं. आबा गेले तेव्हा मी ते त्यांच्या अंगावर पांघरलं. ते मग एकदाच जळलं, त्यांच्याबरोबर.

पण मला जास्त आठवतो तो दसऱ्यानंतरचा रविवार. आबांनी मागच्या दारचा डबा घासून पुसून काढला होता आणि दिवसभर वानरांवर बडवला होता. "आवशीचा काम आता माझ्याकडे," ते म्हणाले. त्यांचा हात भरून आला होता, पण वानरं पळाली होती. शेवटच्या गाडीला मी निघाले. नेहमीप्रमाणे ते अंगणाच्या कडेपर्यंत आले, "सांभाळून जा" म्हणाले आणि मागे वळले. मी घाटी उतरून एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिले. दिवस मावळला होता. रस्त्यावर कुणी नव्हतं.

तेव्हा वरून डब्याचा आवाज आला.

वानरं आली असतील, असं मी मनात म्हटलं. पण तिन्हीसांजेला वानरं बागेत नसतात. आणि वानरांसाठी डबा सलग बडवायचा असतो. हा थांबून थांबून वाजत होता. एक ठोका, मग जरा वेळाने दुसरा.